लाल पट्टीच्या मोटरी

१० जानेवारी

ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वडिलांचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ते स्वतः जास्त कुरकुरतात. फोन केला नाही कारण फोनवर माझा आवाज चढतो, आणि तुमच्या लाँड्रीत फोन गल्ल्याजवळ. मला जे बोलायचंय ते गिऱ्हाइकांनी ऐकण्यासारखं नाही.

सरळ विचारते. तुझ्या सासूबाईंनी मोटरींचे पैसे का दिले नाहीत?

नोव्हेंबरात जावईबापूंनी चार जळक्या मोटरी टेंपोत घालून पाठवल्या. दोन धुण्याच्या मशीनच्या, एक पिळायच्या मशीनची, एक पंख्याची. "आई, जरा लवकर बघा, धंदा थांबलाय," म्हणाले. मी हातातली कामं बाजूला सारली. चारही मोटरींना नवी तार भरली, बेअरिंगं बदलली, वॉर्निश पाजलं, वरून हिरवा रंग मारला. रंगाचे मी कोणाकडून घेत नाही, तुमच्याकडूनही घेणार नाही. जावईबापूंनी पैसे विचारले तेव्हा मी म्हटलं, "पैशाचं नंतर बघू, आधी धंदा चालू करा." हे मी सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणते. नंतर बघू म्हणजे कधीच बघायचं नाही असं होतं का?

माझी रीत तुला पाठ आहे. पैसे मिळाले तर मोटरीला पांढरी पट्टी, बाकी असतील तर लाल. मला बिल लिहायला कुठे धड येतंय, लाल पट्टी हेच माझं बिल. माणूस पैसे आणि पट्टी घेऊन येतो, मी त्याच्यासमोर पट्टी कात्रीने कापते, विषय संपला. इथे बाजारात पोरासोरांनाही हे ठाऊक आहे. तुमच्या चारही मोटरींना मी लाल पट्टी बांधली. विहिणीकडे जायच्या म्हणून नेहमीची करकचून गाठ मारली नाही, छान फूल काढलं.

आता माझी अडचण ऐक. शेठचं वर्कशॉप सोडून स्वतःचं दुकान टाकलं त्याला वर्ष झालं, आणि पहिल्यांदाच मोठं काम दारात आलंय. वसतिगृहाचे सगळे पंखे. उन्हाळ्याच्या आत भरून हवेत. तारवाला उधार द्यायला तयार नाही. रोख टाक, तार ने, म्हणतो. फेब्रुवारीअखेर पंखे दिले नाहीत तर काम शेठकडे जाईल, तो टपूनच बसलाय. मग दुकानाचं भाडं कशातून भरू? कुलूप लावायचं आणि पुन्हा शेठच्या बाकावर जाऊन त्याची बोलणी खायची. ते मी करणार नाही. म्हणजे करावं लागेल, पण करणार नाही.

बाकीच्यांकडून सगळं वसूल केलं. गिरणीवाला उद्या-उद्या करत होता, त्याच्या दारात डबा घेऊन बसले आणि तिथेच जेवले. दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आत पैसे आले. डॉक्टरच्या दवाखान्यात पेशंटांच्या रांगेत बसले. नंबर आल्यावर त्याने विचारलं, "काय होतंय?" म्हटलं, "खिशात दुखतंय, तुमच्या पंपापासून." हसला आणि दिले. राहिल्या फक्त तुझ्या सासूबाई. आणि तिथे मी डबा घेऊन कशी बसू?

तुझे वडील म्हणतात, विहिणीकडे पैसे मागणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, दुकानाला कुलूप बरं दिसतं का?

लगेच उत्तर दे.

आई

•

१७ जानेवारी

आई,

तुझं पत्र मी इस्त्रीच्या टेबलाखाली बसून वाचलं. डॉक्टरचं वाचून हसू आवरेना, सासूबाईंनी वाकून बघितलं.

मोटरी एकदम झकास चालतात. पिळायची तर आधी ट्रक आल्यासारखी आवाज करायची, आता बाजूला उभं राहून कुजबुजता येतं. पट्ट्या मी बघितल्या. चारही घरातच आहेत, कोणी फेकल्या नाहीत.

सासूबाईंना एवढ्यात काही विचारू नकोस ना. लग्न होऊन आल्यापासून मी कॉलरी घासत होते. एकदाही म्हणाल्या नाहीत की सूनबाई, जरा इकडे येऊन बस. आता डिसेंबरपासून मला गल्ल्यावर बसवतात. कपड्यांच्या चिठ्ठ्या माझ्या हाताने फाडल्या जातात. किल्ल्या सोडून सगळं माझ्याकडे आहे. मला हे फार आवडतं, आई. माझा हिशेब तुला माहीत आहे, एक नाणं इकडचं तिकडे होत नाही.

ह्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, माझ्या आईशी पैशाचं तुझी आईच बोलेल, मला मध्ये घेऊ नका. मलाही घेऊ नकोस.

विचारायचंच असेल तर लिहून विचार, आणि गोड लिही. तुझं नेहमीचं नको.

तुझी ठमी

•

२० जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही बऱ्या असाल असं धरून चालते. मला पत्र लिहायची सवय नाही, शाळेशी माझं फारसं जमलं नाही, तेव्हा अक्षर लागलं नाही तर ठमीकडून वाचून घ्या. नको, तुम्हीच वाचा.

तुमच्याकडे थंडी असेल. आमच्याकडेही आहे. माझी शाल विरली, पहाटे दुकान उघडताना दात वाजतात. ठमी गार पाण्यात हात घालते का? घातले तर घालू दे, तिला सवय आहे.

मोटरी कशा चालतात? गरम होत नाहीत ना? मी चारही जातीने भरल्या. चांगली तार घातली. तारेचा भाव हल्ली असा चढलाय की विचारू नका. पण तुम्ही विचारलंत तर मी सांगेन.

लाल पट्ट्या नीट पोचल्या ना? वाटेत सुटू नयेत म्हणून मी स्वतः बांधल्या होत्या. त्या बघून तुम्ही काय समजायचं ते समजला असालच. तुम्ही धंदा करणाऱ्या बाई आहात, तुम्हाला फोड करून काय सांगायचं.

मला वसतिगृहाच्या पंख्यांचं मोठं काम मिळालंय, पण फेब्रुवारीत हात मोकळा असला तरच ते होईल. हे आपलं सहज लिहिलं.

मोटरी कशा चालतात ते जरूर कळवा.

तुमची विहीण

•

२८ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. अक्षर लागलं.

मोटरी उत्तम चालतात. आपण एकाच पत्रात दोनदा विचारलंत, म्हणून मीही दोनदा सांगते, उत्तम चालतात.

लाल पट्ट्यांचा अर्थ मला पोचल्या दिवशीच कळला. टेंपोवाल्यासमोर, कामाच्या बायकांसमोर सोडल्या मी त्या. सगळ्या म्हणाल्या, सुनेच्या माहेरचं मन केवढं! लग्नात मी स्पष्ट सांगितलं होतं, आम्हाला तुमच्याकडून एक चमचाही नको. मिस्टर गेल्यापासून ही लाँड्री मी कोणापुढे हात न पसरता चालवली आहे. तरी आपण जे केलंत ते केलंत, आणि आता त्याची आठवणही करून देत आहात. असो.

आम्हीही कोणाचं अंगावर ठेवणारी माणसं नाही. परतफेड तयार आहे. टेंपोवाल्याबरोबर येत्या आठवड्यात पाठवते. त्यानंतर आपण बरोबरीत आलो असं मी समजेन.

सूनबाई मजेत आहे. हल्ली मला बघून हसते आणि तोंड फिरवते. का ते सांगत नाही.

आपली विहीण

•

६ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार राहू दे.

तुमचं पत्र आलं तेव्हा अर्ध्या गोष्टी माझ्या डोक्यावरून गेल्या, पण 'परतफेड तयार आहे' हे वाचलं आणि बाकीचं वाचायचं कारणच उरलं नाही. ह्यांना म्हटलं, बघा, बाई तिरसट आहे पण चोख आहे. तारवाल्याला सांगून आले, मंगळवारी रोख आणते, तार बाजूला काढून ठेव. त्याने ठेवली. वसतिगृहाच्या बाईंना सांगितलं, बुधवारी सुरुवात. आठ पंखे उतरवूनही आणले. ते आता माझ्या बाकाखाली उघडे पडलेत, पोटातली जळकी तार काढलेले.

मंगळवारी टेंपो आला. पोराने मोठं गाठोडं उतरवलं. मला वाटलं, बाईंनी पैसे चोरीला जाऊ नयेत म्हणून कपड्यात गुंडाळले. शहाणी बाई. ह्यांना दार लावायला सांगितलं. गाठोडं सोडलं. दोन नक्षीच्या चादरी. एक टेबलक्लॉथ. एक लोकरीची शाल. एकेक घडी झटकून बघितली. चादरी झटकल्या, शाल उलटी केली, टेबलक्लॉथ खिडकीत धरून उजेडात बघितला. पैसे नाहीत!

विहीणबाई, मी चादर घेऊन तारवाल्याकडे जाऊ का? टेबलक्लॉथ कुठे घालू? आमच्याकडे टेबल एकच आहे आणि त्याच्यावर वॉर्निशचे डबे असतात. लोकांकडे पैसे नसतात, मला कळतं. नसतील तर तसं सांगायचं. म्हणायचं, बाई, दोन हप्त्यांत देते. मी थांबले असते. कुरकुरले असते, पण थांबले असते. पण कामाच्या पैशाच्या बदल्यात कपडे द्यायचे आणि वर बरोबरीत आलो म्हणायचं, हे मला चालणार नाही.

शालीवर हात फिरवला मी. फार ऊबदार आहे. म्हणून तर घडी घालून तशीच परत पाठवतेय, सगळ्या सामानासकट. मला माझ्या चार मोटरींचे पैसे द्या. वाइंडिंग, बेअरिंग, वॉर्निश. रंगाचे नकोत.

ठमीवर याचा राग काढू नका. तिने मला गोड लिहायला सांगितलं होतं. मागच्या खेपेला लिहिलं, तर हे झालं.

मोटरी भरणारी

•

११ फेब्रुवारी, सकाळ

विहीणबाई,

टेंपोतून गाठोडं उतरलं तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. मी पाठवलेली भेट सगळ्यांसमोर माझ्या दारात परत आली. आयुष्यात मला असं कोणी तोंडघशी पाडलं नव्हतं.

त्या चादरींवर मी नोव्हेंबरपासून संध्याकाळी बसून नक्षी भरली. डोळे दुखेपर्यंत. का, तर तुम्ही न मागता चार मोटरी नव्या करून दिल्यात, रंग मारून, लाल फिती बांधून, फुलं काढून! माझा मुलगा पैसे विचारत होता तर 'नंतर बघू' म्हणून त्याला गप्प केलंत. भेट देणारा माणूस याहून वेगळं काय करतो? एवढ्या मोठ्या भेटीचं ओझं माझ्या डोक्यावर किती होतं तुम्हाला कल्पना नाही. रोज मशीन सुरू झालं की वाटायचं, ही विहिणीची मोटर बोलतेय. तुम्ही शाल विरली लिहिलंत म्हणून मी तीही घातली. आणि आता तुम्ही भेटीचे पैसे मागता? मग फिती कशाला बांधल्या होत्या? मी त्यातली एक

दुपार

वरचं सकाळचं आहे. कागद फाडणार होते, पण सूनबाई म्हणाली, असाच पाठवा, आईला असंच आवडतं.

झालं असं. मी लिहीत होते आणि सूनबाई चहा घेऊन आली. तिला कागदावर 'फिती' दिसलं असावं. कप ठेवला आणि मटकन खाली बसली. रडते की हसते कळेना. मी विचारलं, "काय गं, कोणी काही बोललं का?" तर माझ्या कमरेच्या किल्ल्यांकडे बोट दाखवून म्हणते, "सासूबाई, ती पट्टी काढा हो. तुम्ही तीन महिने उधारी कमरेला लावून फिरताय."

मग तिने सगळं सांगितलं. लाल, पांढरी, कात्री. विहीणबाई, मी ती लाल पट्टी किल्ल्यांच्या जुडग्याला बांधून बँकेत गेले. भाचीच्या साखरपुड्याला गेले. दुसरीने मी चष्म्याची दोरी केली. तिसरी नोटांच्या पुडक्याला बांधली होती आणि चौथी सूनबाईच्याच वेणीत घातली मी, कौतुकाने. ती बिचारी दिवसभर वेणी पुढे घेऊन बसली होती. मला वाटलं, नव्या नवरीचा लाजाळूपणा.

"आधी का नाही बोललीस?" विचारलं. तर म्हणाली, मोटरी आल्या आणि तुम्ही मला गल्ल्यावर बसवलंत. भेट नव्हती हे कळलं असतं तर पुन्हा कॉलरी.

मी तिला म्हटलं, "वेडे, मोटरींसाठी कोणी गल्ला देतं का? माझ्या बहिणीचा मुलगा बसायचा, तो रोज थोडं घरी न्यायचा. तू आलीस त्या महिन्यात मी मुद्दाम तुझ्यासमोर पैसे विसरले होते, इस्त्रीच्या टेबलावर. तू मोजून, कागदात बांधून आणून दिलेस. माझं ठरलं त्या दिवशी, त्याला उठवायलाच डिसेंबर उजाडला. मोटरी तेव्हा अजून जळायच्या होत्या."

मग ती जी रडली! आणि मग आम्ही दोघी जे हसलो! मुलगा आत आला, म्हणाला काय झालं, तर आम्ही त्याला नुसत्या किल्ल्या दाखवल्या.

पैसे टेंपोवाल्याबरोबर नाही, आज बँकेतून पाठवले. तुमचा भाव सूनबाईला माहीत होता, रंगाचे धरले नाहीत. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. पैसे देऊन इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मोटरी आता आमच्या आहेत, आमच्या पैशाच्या. मघाशी मशीन सुरू केलं, नुसतं मशीनच बोललं.

तीन पट्ट्या पत्रात घातल्यात. त्या तुम्हीच कापायच्या असतात असं कळलं.

आपली विहीण

आई, मी ठमी. किल्ल्या आज माझ्याकडे दिल्या. चौथी पट्टी किल्ल्यांना तशीच आहे. सासूबाई काढू देत नाहीत. रागावू नकोस, मी सांगायला हवं होतं. वेणीतली पट्टी बघून तू किती हसली असतीस असं मला रोज वाटायचं आणि रोज मी तोंड फिरवायचे.

•

१७ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार. मनापासून.

पैसे मिळाले. बँकेतल्या पोराला तीनदा विचारलं, नक्की आले ना, तर तो म्हणाला, मावशी, आले, आता पुढच्यांना येऊ द्या. तिथून तडक तारवाल्याकडे. त्याने तार दुसऱ्याला दिली नव्हती. देणार होता, शेठचा माणूस सकाळीच येऊन गेला होता. मी गल्ल्यावर नोटा ठेवल्या तेव्हा शेठचा माणूस बाहेरच्या टपरीवर चहा पीत होता. मी तारेची रिळं रिक्षात चढवताना त्याला म्हटलं, "जरा हात लाव की." लावला बिचाऱ्याने.

दुकानात येऊन बाकावर बसले आणि पाच मिनिटं काहीच केलं नाही. ह्यांनी विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, बरं आहे, म्हणूनच बसलेय.

बाकाखालचे आठ पंखे भरून झाले. बाकीचे रोज थोडे थोडे उतरतात. महिनाअखेरीला दोन दिवस शिल्लक राहतील असा माझा अंदाज आहे, आणि माझा अंदाज तारेच्या बाबतीत चुकत नाही. फितीच्या बाबतीत चुकला. फूल काढायला मला कोणी सांगितलं होतं? शेठकडची धरून वीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला फूल काढून दिलं नाही मी. यापुढे विहिणीची मोटर आली तरी करकचून गाठ मारणार, आणि 'पैशाचं नंतर बघू' बंद. आता सांगते, अमुक इतके, अमुक दिवशी. कालच आइस्क्रीमवाल्याला सांगितलं. तो दचकला, पण लगेच दिले. वर्षभर तो मी विचारायची वाट बघत होता म्हणे.

तीन पट्ट्या कापल्या. चौथी राहू द्या किल्ल्यांना. कोणी विचारलं तर सांगा, माझ्या विहिणीचं आहे, ती आली की बघू.

ठमे, तुझ्या सासूबाई हे पत्र तुला वाचून दाखवतीलच. पैसे कागदात बांधून दिलेस ते तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी दुकान बंद करून जरा चालून आले. तारेचा धूर डोळ्यात जातो माझ्या, काय करणार.

विहीणबाई, आता एक काम आहे. त्या चादरी ठेवा तुमच्याकडे, माझ्याकडे वॉर्निशचे डाग पडतील. टेबलक्लॉथचं तर बोलूच नका. पण शाल परत पाठवा. पहाटे दुकान उघडताना फार गारठा असतो, आणि तुमची शाल मी हात लावून बघितली आहे, तेव्हापासून माझ्या शालीत ऊब लागेनाशी झाली आहे. परत पाठवताना माझा जीव तुटला होता, रागात होते म्हणून कळलं नाही. भेट मागून घेतेय असं म्हणा. मागायला मला लाज वाटत नाही, हे तुम्हाला आता कळलंच आहे.

टेंपोवाला शुक्रवारी इकडे येतो. शाल नुसती घडी घालून त्याच्याकडे द्या. वरून लाल फीत बांधू नका, नाहीतर तो पोरगा मला दारातच विचारेल, मावशी, किती बाकी?

तुमची विहीण